न विचारलेले नाव

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता, आणि नावाचा हव्यास त्याला भारी. आपलेच एकट्याचे नाव दुमदुमावे म्हणून त्याने मांत्रिकाकरवी प्रजेची सगळी नावे काढून पेटीत कोंडली आणि नाव विचारण्यावर बंदी घातली. राजघराण्याची नावे तेवढी राहिली; बाकी सारे नुसते कुंभार, कोष्टी, माळी. ज्याचे नाव त्याला तेवढे आठवे, दुसऱ्याचे कुणालाच आठवेना. आईने "बाळा!" अशी हाक मारली की आळीतली पन्नास मुले जेवायला धावत.

मांत्रिकाने मोबदला एकच मागितला होता, "यापुढे जन्मणाऱ्यांची नावेही माझ्या पेटीत." राजाने मान डोलावली. पाळणा आपल्याही घरी हलतो, हे त्या शहाण्याला सुचलेच नाही.

वर्षाच्या आत राजकन्या झाली. बाराव्या दिवशी राजाची थोरली बहीण हेमलेखा पाळण्याशी वाकली. तिने बाळाच्या कानात कुर्र केले, पण नाव काही तोंडून उमटेना. त्या दिवसापासून नावावाचून बाळ विरळ होऊ लागले. आठवड्यात त्याच्या तळहातातून दुपट्याची नक्षी दिसू लागली.

मांत्रिक तोवर मेला होता. शाप मात्र ठणठणीत होता.

"अक्का, पौर्णिमेपर्यंत माझे लेकरू दिसेनासे होईल," राजा रडू लागला.

"तू पाळण्याशी बस. पेटी मी आणते."

हेमलेखा जन्माची चौकस. मुंगी कुठे जाते, चिंच आंबट का, असे विचारून तिने पंतोजींना सळो की पळो केले होते. एवढी नावे पेटीत मावतात तरी कशी, याचे तिला आताही कुतूहल होते, आणि अशा वेळी कुतूहल वाटावे याची लाजही. सोबत दाई निघाली. हेमलेखेला, वीरकेतूला आणि आता बाळालाही तिनेच न्हाऊ घातले होते.

सात डोंगर ओलांडून दोघी मांत्रिकाच्या गुहेशी आल्या; पेटी तिथेच होती. दारात साळुंकी बसली होती.

"नावांच्या जाती अनेक," साळुंकी म्हणाली. "तीन ओळख, मग पेटीकडे जा."

पहिल्या दालनात हजार राघू भिरभिरत होते. सगळे एका शब्दात बोलवायचे होते. हेमलेखा "राघू!" म्हणाली की एकच खांद्यावर येऊन बसे. संध्याकाळपर्यंत हेच चालले असते. मग तिने हाक दिली, "थवा!" आणि हजारही राघू एकदम तिच्या पदरात उतरले.

दुसऱ्या दालनात मधाचे तळे. "मोज," साळुंकी म्हणाली.

"एक मध, दोन मध..." म्हणता म्हणता हेमलेखेला हसू फुटले. "मध मोजत नाहीत, मापतात. थेंबही मध आणि तळेही मध!" तळे दुभंगून वाट झाली.

तिसरे दालन रिकामे होते. "इथे आहे ते दिसत नाही, हाती लागत नाही. त्यानेच तुला इथवर चालवले. त्याचे नाव सांग."

"धैर्य." भिंत हलली नाही.

"कुतूहल." एक बारीक चीर पडली.

हेमलेखेला तो आरपार दिसणारा तळहात आठवला. "माया," ती म्हणाली, आणि भिंत उघडली.

आत पेटी होती. तिला ना कुलूप, ना किल्ली.

"यात एकेकट्याची नावे आहेत," साळुंकी म्हणाली. "ज्याचे नाव कोंडले, अशा एकाला समोर उभे करून नावाने हाक मार."

हेमलेखा वळली. समोर दाई उभी होती, आणि तिचे नाव हेमलेखेला ठाऊक नव्हते. बंदी तर कालपरवाची. त्याआधीची चाळीस वर्षे? मुंगीची वाट विचारली, चिंचेचा आंबटपणा विचारला, हे तेवढे कधी विचारलेच नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"दाई," ती हात जोडून म्हणाली, "तुमचे नाव काय हो?"

"आई गोजरा म्हणायची, बाईसाहेब. तिच्यामागे कुणी म्हटले नाही."

"गोजराबाई!"

"ओ," म्हातारी म्हणाली.

पेटी उघडली. नावे भरारत बाहेर पडली आणि आपापल्या घरी गेली. पौर्णिमेला हेमलेखेने पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात सांगितले, "चारुलता." बाळाने मूठ वळली. त्या मुठीत गोजराबाईचे बोट होते, आणि आता ते मुठीतून आरपार दिसत नव्हते.

राजा वेशीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला नाव विचारू लागला. तीन दिवस झाले, तरी रांग संपेना. पेटी रिकामी झाली, पाळणा भरला. तशी तुमचीही हाक तुमच्या माणसापर्यंत पोचो.