सालोमीचा मोडलेला उपास

प्रवरेवर अजून पूल झाला नव्हता, बोरखळीच्या चर्चच्या भिंती मातीच्या होत्या आणि वरचं छप्पर पाचटाचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. आज सांगणाऱ्यांच्या पणज्यांनीसुद्धा ती ऐकलीच होती, पाहिली नव्हती.

बोरखळीच्या ख्रिस्ती वस्तीत सालोमी नावाची एक विधवा राहायची. ती हाडं बसवायची. गाडीच्या चाकाखाली आलेला पाय असो नाहीतर झाडावरून पडून निखळलेला खांदा, ती डोळे मिटून नुसती बोटं फिरवायची आणि माणसाला गप्पांत गुंतवून एक हिसका द्यायची. तो "आई गं" म्हणेपर्यंत काम झालेलं असायचं. मग अंड्याच्या पांढऱ्यात उडदाचं पीठ कालवून त्याचा लेप, वर बांबूच्या कामट्या, वर जुन्या लुगड्याची पट्टी. गावातले, वस्तीवरचे, वाटसरू, सगळे तिच्या ओट्यावर यायचे. कुठं मोडलंय ते हाडं आपणहून तिच्या बोटांना सांगायची, असं म्हणतात.

आता कौतुक कुणाला गोड लागत नाही? "सालोमीच्या हातात देव बसलाय," असं जो तो म्हणे. एकदा प्रार्थनेला गुडघे टेकले असताना तिच्या ध्यानात आलं, की डोळे मिटलेत देवासाठी आणि मनात मात्र आपल्याच हातांची वाहवा चाललीय. ती घाबरली. भली बाई होती म्हणूनच घाबरली.

उपवासकाळ तोंडावर आला होता. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस. जे फार आवडतं ते या दिवसांत देवासाठी सोडायचं. कुणी गूळ सोडी, कुणी तंबाखू. अंडी तर सगळी वस्तीच सोडायची आणि पाट्या भरून बाजाराला धाडायची. राखेच्या बुधवारी योएल मास्तर सगळ्यांच्या कपाळाला राख लावत होते. फादर महिन्यातून एकदा घोड्यावरून येत, एरवी प्रार्थना हे म्हातारे मास्तरच चालवत. सालोमीची पाळी आली तेव्हा ती भरल्या चर्चमध्ये म्हणाली, "ह्ये चाळीस दिस म्या कुणाच्या हाडाला हात लावणार न्हाई."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा कडक उपास वस्तीत कुणी धरला नव्हता. खुद्द मास्तरांनी नुसती सुपारी सोडली होती, आणि तीही कुरकुरत.

चौथ्या दिवशी चर्चची घंटा वाजवणारा शांतवन बाभळीवरून पडला. घंटा त्या बाभळीलाच टांगलेली असायची. मनगट सुजून वांग्याएवढं झालं. सालोमीने पदरात हात गुंडाळले आणि त्याला नदीपलीकडच्या वैद्याकडे धाडलं. तो गेला, आणि वाकडं मनगट घेऊन परत आला. तिला वाईट वाटलं. पण देव आपली परीक्षा बघतोय, असं तिने मनाला समजावलं.

त्यानंतर आठवड्याने धनगरांचा तांडा नदीकाठी उतरला. कोकराच्या मागे धावताना धुरपा नावाची तरणी धनगरीण दरडीवरून खाली आली, आणि तिच्या नडगीचे दोन तुकडे झाले. धनगरांना कुठला आलाय मुक्काम? बाईचा पाय गेला की तिचा संसारच गेला. नवऱ्याने तिला घोंगडीत घालून भर दुपारी सालोमीच्या ओट्यावर आणून ठेवलं आणि हात जोडले.

सालोमी आत गेली. दाराला कडी घातली. बाहेर धुरपा कण्हत होती आणि आत सालोमी जमिनीला कपाळ लावून रडत होती. तिचे हात आपोआप वळवळत होते. ते तिने मांडीखाली दाबून धरले, असं म्हणतात.

तेवढ्यात दाराच्या फटीतून एक हात आत आला. मनगट वाकडं होतं.

"आक्का, ह्ये बघ," शांतवन बाहेरून म्हणाला. "उपास तू धरला अन् वाकडा झाला माझा हात. आता हिचा पाय बी देवाला वाहायचा का?"

सालोमी आतून म्हणाली, "देवाला शब्द दिलाय रे."

"देवाची समजूत घालता यील. हाडाची कशी घालशील?"

कडी निघाली. सालोमी बाहेर आली, धुरपापाशी बसली, तिच्या मेंढरांची नावं विचारत बसली, आणि हिसका दिला. हाड जागेवर आलं. पण लेपाला डझनभर अंडी हवी होती आणि वस्तीत औषधालासुद्धा एक नव्हतं. सकाळीच पाट्या बाजाराला गेल्या होत्या. आणि मग, असं म्हणतात, वस्तीतल्या यच्चयावत कोंबड्या भर दुपारी पुन्हा अंडी घालायला बसल्या. दोन वर्षं न घातलेल्या म्हातारीनंही एक घातलं. शांतवनाच्या घरचे तर सांगतात की त्यांचा कोंबडासुद्धा पाटीत जाऊन बसला होता. तेवढं सोडून द्या.

तांडा पुढे गेला, धुरपा सालोमीकडे राहिली. जाताना तिच्या नवऱ्याने उंबऱ्यावर भंडारा उधळला. दोन-चार जणांनी नाकं मुरडली, पण सालोमीने तो पिवळा उंबरा ईस्टरपर्यंत सारवला नाही.

त्या रविवारी ती चर्चमध्ये उभी राहिली. "म्या उपास मोडला," म्हणाली आणि मान खाली घालून शिक्षेची वाट बघत राहिली. योएल मास्तर काठी टेकत तिच्या शेजारी येऊन उभे राहिले, तिच्यासारखीच मान खाली घालून.

"चूक माझी बी हाय," ते म्हणाले. "राख लावतानाच म्या इचारायला पायजे व्हतं, ह्या उपासानं उपाशी कोण ऱ्हाणार म्हणून."

ईस्टरच्या सकाळी धुरपा आपल्या पायांनी नदी उतरून तांड्याकडे गेली. गुडघ्याच्या वर लुगडं भिजलं नाही, असं म्हणतात. सालोमीने शांतवनाचं मनगट पुन्हा मोडून नीट बसवते म्हणून फार विनवण्या केल्या. तो हसून म्हणायचा, "ऱ्हाऊ दे आक्का. घंटा डाव्या हातानं बी वाजती."

सालोमीला जाऊन किती पिढ्या झाल्या. चर्च आता दगडी आहे, त्यावर कौलं आहेत. पण उपवासकाळात बोरखळीची अंडी अजून बाजाराला जात नाहीत. चर्चच्या दाराशी एक पाटी असते, घरटी रोज एक अंडं तीत पडतं, आणि संध्याकाळी ती पाटी जिथे कुणी आजारी असेल त्या घरी जाते. चाळीस दिवस घंटा डाव्या हाताने वाजते. आणि राखेच्या बुधवारी राख लावणारा प्रत्येकाला आधी विचारतो, "तुझ्या उपासानं उपाशी कोण राहणार?"

"मीच," असं म्हणावं लागतं. मगच राख लागते.