म्हशींनाही समोर उभं केलं

एका गावात नारबा नावाचा एक भोळा भाचा होता. भोळा हे तोंडावर म्हणायचं. पाठीमागं गाव दुसराच शब्द वापरायचं. त्याच्या गजराआत्याला ना नवरा, ना मूल. निराधारांचा सरकारी पगार सुरू झाला तरच तिची चूल पेटणार होती. तिचे गुडघे धरलेले, म्हणून अर्ज घेऊन नारबा तालुक्याला गेला.

कारकुनानं विचारलं, "म्हशी आहेत?"

"आहेत की! चांगल्या चार."

म्हशी शेजारच्या देसायांच्या. हा नुसता राखायचा. अर्ज परत.

"मुडद्या!" आत्या कडाडली. "तिथं काही विचारलं की नाही म्हणावं!"

"बरं, आत्या."

पुन्हा गेला.

"म्हशी?"

"नाही."

"जमीन?"

"नाही."

"बाई हयात आहे?"

"नाही."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "मग पगार काय वर पोचवू?" अर्ज परत.

आत्यानं कपाळ बडवून घेतलं. "अरे गाढवा, ज्याचं विचारतील ते नेऊन समोर उभं करावं!"

"बरं, आत्या."

या वेळी आत्या स्वतःच गुडघे चोळत एसटीनं गेली. नारबा म्हणाला, "तू हो पुढं, मी चालत येतो." आत्याला जितीजागती समोर बघून कारकुनानं शिक्का उचलला, तोच दारात हंबरणं ऐकू आलं. नारबा आला होता. चारही म्हशी घेऊन. त्यांचंही विचारलं होतं ना!

"ह्या कुणाच्या?" कारकून ओरडला.

"देसायांच्या हो, साहेब!" आत्या रडकुंडीला आली.

"खरं का रे?"

"नाही," नारबा म्हणाला. विचारलं की नाही म्हणायचं, हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं.

आत्या मटकन खाली बसली. "मेल्या, मला या जगात कुणी आहे का रे?"

"नाही."

कारकुनानं नारबाकडे पाहिलं, मग म्हशींकडे. त्यातल्या त्यात म्हशीच शहाण्या दिसत होत्या. त्याला चक्क दया आली. आता कचेरीत दया कधी येते, तुम्हीच सांगा!

"बाई, असा भाचा असल्यावर तुमच्याइतकं निराधार कोण?" त्यानं शिक्का शाईत दाबला आणि सवयीनं नारबाला विचारलं, "काय रे, मारू ना?"

"नाही," नारबा म्हणाला.

कारकुनानं शिक्का खाली ठेवला, अर्जावर 'घरच्यांची हरकत' असं लिहिलं आणि जेवणाचा डबा उघडला.