पेन्सिलीची विहीर

ती मूठ उघडा बघू. नाणं आहे ना? ठेवा खिशात. या विहिरीत काही टाकायचं नसतं. नाणं नाही, फूल नाही, हळदीकुंकूही नाही. कठड्यावर दिव्याचा कोनाडा नाही, हे आलात तेव्हाच तुमच्या ध्यानात आलं असेल. ही मुलींच्या शाळेची विहीर आहे, आणि ती अशी का, ते सांगते. मी याच शाळेत शिकले आणि इथंच गणित शिकवून म्हातारी झाले, तेव्हा गोष्ट ऐकीव असली तरी घरची आहे.

एक आधीच सांगून ठेवते. पाहुणे आले की पहिलं विचारतात, "इथं कुणाला बळी दिलं होतं?" या दुष्काळी मुलखात जुनी विहीर दिसली की तिच्या तळाशी एक सून असतेच, निदान गोष्टीत तरी. पाणी लागेना, मग सून दिली, मग पाणी लागलं. सासरा दिल्याचं कधी ऐकलंय का तुम्ही? मी तरी नाही ऐकलं.

तर फार वर्षांपूर्वी या उघड्या माळावर भागीरथीबाई नावाच्या एका विधवा बाईंनी मुलींची शाळा काढली. चार कुडाच्या भिंती आणि वर गवत, एवढीच. आसपासच्या वाड्यांतल्या मुली इथंच राहून शिकायच्या. बाईंचा हेतू एकच होता. या माळावरची मुलगी मॅट्रिक व्हावी आणि पुण्याला कॉलेजच्या दारातून आत जावी. गावच्या इनामदारांनी जमीन आणि धान्य देऊ केलं, पण अट घातली, की मुलींना चौथीपर्यंतच शिकवायचं आणि मग घरी धाडायचं. बाई म्हणाल्या, "मग ती शाळा तुमची झाली. आमची आम्ही चालवू."

झालं. दुसऱ्या दिवसापासून गावच्या आडावर शाळेच्या मुलींना दोर मिळेना. लांबच्या ओढ्यावरून पाणी आणलं, तोही उन्हाळ्यात आटत चालला. मग बाईंनी पदर खोचला, स्वतः कुदळ घेतली आणि मुलींसकट विहीर खणायला घेतली. माती संपली, मुरूम संपला, आणि खाली काळा कातळ लागला. त्या कातळावर पहार नुसती वाजायची. पाणी नाही म्हणजे शाळा बंद, हे लहान पोरीलाही कळत होतं.

तेव्हा गावचा देवऋषी आला, असं सांगतात. अंगात आल्यासारखा घुमला आणि म्हणाला, "हिरीतली आय पोरगी मागतीया." पण काळ साहेबाच्या अंमलाचा, जीव घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यानंच तोड काढली. "जीव नगं. शिकल्याली पोर पायजे. तिनं पुस्तकं आत सोडावी, गावाची शीव वलांडनार न्हाई म्हून आन घ्यावी, आन जलमभर हितं दिवा लावावा."

शिकलेली पोर म्हणजे सगुणा. कुंभारवाड्यातली, बुद्धीनं तल्लख. त्या वर्षी तीच मॅट्रिकला बसायची होती. आणि खरं दुखणं असं, की सगुणा तयार झाली. बाईंना म्हणाली, "बाई, माझं एकलीचं जातंय, पन समद्या पोरींचं व्हतंय. जाऊं द्या."

बाई म्हणे फार संतापल्या. मग म्हणाल्या, "आज तू पुस्तकं दिलीस, तर उद्या हे दुसरं काही मागतील. आणि देणारी पुन्हा मुलगीच असेल." पण सगुणाचा हात त्यांनी धरला नाही. धरला असता तर इनामदारात आणि आपल्यात फरक काय राहिला, असं त्यांना वाटलं असावं. मला विचाराल तर मी धरला असता.

ठरल्या दिवशी सकाळी सगळं गाव माळावर जमलं. हलगी वाजत होती. इनामदार छत्रीखाली बसले होते. सगुणा फडक्यात बांधलेली पुस्तकं घेऊन काठावर उभी राहिली. शाळेत ठकू नावाची सगळ्यात धाकटी मुलगी होती, दात पडलेली. तिनं सगुणाचं लुगडं ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ताई, मोठी झाल्यावर मला पन टाकायची का गं पुस्तकं?"

सगुणानं तिच्याकडे पाहिलं. मग पुस्तकं पाठीला बांधली आणि खोबण्यांत पाय देत ती स्वतःच विहिरीत उतरली. तळाच्या कातळावर मांडी घालून बसली आणि वर बघून ओरडली, "आयला पायजेल असतील तर तिनं माझ्या हातातनं घ्यावी!" आणि मोठ्यानं वाचायला लागली. तिच्या मागोमाग ठकू उतरली, मग एकेक करत सगळ्या मुली. शेवटी बाईंनी फळा दोरानं खाली सोडला आणि त्याही उतरल्या.

त्या दिवसापासून शाळा विहिरीच्या तळाशी भरू लागली. गावची टवाळ मंडळी काठावर बसून हसायची. मुली धडा करायच्या, धडा झाला की कातळ फोडायच्या. ओठ फुटले, हातांना घट्टे पडले, पण माघार कुणी घेतली नाही.

एके दिवशी बाई फळ्यावर गणित सोडवत होत्या आणि ठकूच्या हातातून शिसपेन्सिल निसटली. घरंगळत कातळाच्या एका फटीत गेली. देवऋषी काठावरून ओरडला, "घेतलं! आयनं घेतलं! आता हात जोडा!" खालीही एकीला वाटलं, एवढीशी पेन्सिल, जाऊ दे, बदल्यात पाणी लागलं तर बरंच. पण ठकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "का म्हनून? माझी हाय ती."

सगुणा हसली, असं सांगतात. किती दिवसांनी हसली होती. तिनं पहार उचलून फटीत घातली आणि सगळ्या जणी पहारीला लोंबकळल्या. कातळाचा कपचा हलला, उलथला, आणि खालून गार पाणी उसळलं.

काठावर आरडाओरडा झाला. खाली बाई म्हणाल्या, "गणित पुरं करा." पाणी घोट्यापर्यंत आलं, पोटऱ्यांपर्यंत आलं, तेव्हा उत्तर आलं. मग मुली वर चढल्या, आणि त्यांच्यामागून पाणी चढलं. पाण्यावर ठकूची पेन्सिल तरंगत आली. आईनं ती घेतली नव्हती, परत केली होती. देवऋषी आपली घोंगडी उचलून निघून गेला. सगुणानं ठकूकडून मागून घेतलेल्या त्याच पेन्सिलीनं परीक्षेचा अभ्यास केला, आणि मॅट्रिक होऊन ती पुण्याला गेली.

पुढं गावचा आड आटला, तेव्हा इनामदारांच्या घरची घागरही इथंच आली म्हणे. बाईंनी पाण्याला नाही म्हटलं नाही. घागर घेऊन आलेल्या त्यांच्या दोन नातींची नावं मात्र आधी शाळेत घातली.

आजही कॉलेजला निघालेली प्रत्येक मुलगी निरोपाच्या दिवशी या काठावर येते. शाळेतली सगळ्यात धाकटी मुलगी पोहऱ्यानं पाणी काढते, त्यात एक पेन्सिल सोडते, आणि जाणारी ती उचलून घेऊन जाते. द्यायचं काही नाही, न्यायचं फक्त. तुम्हीही ओंजळ धरा, पाणी प्या, पोटभर प्या.

आणि मधल्या सुट्टीपर्यंत थांबलात तर बघाल. आजही लहान मुली या कठड्यावर ओणवून ओरडतात, "का म्हणून?" विहीर त्यांचाच प्रश्न त्यांना परत करते. उत्तर तिला अजून सापडलेलं नाही.