रांगोळीतून बाहेर पडलेलं गाव

लई जुनी गोष्ट. तेव्हा तुमच्या खापरपणजोबांनाही मिसरूड फुटलं नव्हतं. म्हणजे खरंखोटं विचारायला कुणी उरलं नाही. मी सांगेन तेच खरं.

एका राजाला मोठा अभिमान होता, की आपली प्रजा अगदी मोकळी आहे. त्याने एका चितारणीला बोलावलं. "माझी मोकळी माणसं चितारून दाखव. दिवस मावळेपर्यंत जमलं नाही, तर राज्य सोडायचं."

"जमेल, महाराज. पण सगळ्यांनी चौकात यायचं. तुम्हीसुद्धा."

सगळे आले. चितारणीने ज्याच्या त्याच्या पायांभोवती रंगीत रांगोळीचं रुंद रिंगण घातलं. शेवटचं राजाभोवती. मग कट्ट्यावर पाय हलवत बसली. "माझं काम झालं. उरलेलं चित्र तुम्ही काढायचं."

आता त्या गावची रीत अशी, की रांगोळीवर पाय द्यायचा नाही. मग काय, सगळे खांबासारखे उभे. पैलवान उभा. पोथीत काही सुटका लिहिली आहे का, ते आठवत शास्त्रीबुवा उभे.

"बाहेर या. माझा हुकूम आहे," राजा म्हणाला.

"हुकमाने आले तर मोकळे कसले?" चितारणी म्हणाली. "आणि महाराज, आधी आपण या की."

राजाने उचललेला पाय परत होता तिथेच ठेवला. दिवस कलला. चितारणीला वेशीबाहेर काढायला शिपाई टपला होता, पण तोही रिंगणातच.

तेवढ्यात लांबून म्हैस रेकली.

"माझीच ती," ठकूबाई गवळण म्हणाली. "दुसऱ्या कुणाला धार काढू देत नाही. मी चालले."

"अगं, रांगोळी मोडेल," शास्त्रीबुवा ओरडले.

"मग तुम्ही जा धारेला. लाथ मारते हं, सांगून ठेवते."

ठकूबाईने पाऊल टाकलं. मागे लाल पावलं उमटत गेली. ते बघून पैलवान निघाला, त्याची निळी. मग शिपाई, मग शास्त्रीबुवा, धोतर सावरत. जो तो आपल्या वाटेने. चौक रंगीत पावलांनी भरला.

राजा एकटाच उरला. सगळं गाव बघत होतं. त्याने जोडे काढले आणि पिवळ्या रांगोळीत पाय घातला.

"चित्र पुरं झालं," तो हळूच म्हणाला. "तू इथेच राहा."

पुढे दरवर्षी गावाने तशीच रिंगणं घातली आणि मोडली. पाहुणा आला की लोक छाती काढून दाखवायचे, "ते माझं पाऊल." राजाही दाखवायचा. पण त्याचं कुठलं ते पाहुण्याला काही ओळखू यायचं नाही.

बोध एवढाच: आपल्याला मोकळं दुसरं कुणी करत नाही, आपलं पाऊल आपणच उचलायचं असतं.