ठकूआईचं विसाचं कोडं

फार मागची गोष्ट. बोरखडीच्या ओढ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं, तेव्हाची. त्या गावात ठकूआई नावाची सुईण होती. तिचा हात इतका हलका, की पोटावरून फिरवला तरी आडवं आलेलं मूल आपणहून सरळ व्हायचं, असं म्हणतात. तिला एक खोडही होती. कळा सुरू झाल्या की ती त्या बाईला कोडी घालायची.

"तीन पाठोपाठच्या भैणी. वरसावरसाचं अंतर. तिघींची वयं मिळून बारा. सांग, कोण कितीची?"

बाई कण्हत कण्हत बोटं मोजायची, "तीन, चार, पाच" म्हणायची, आणि तेवढ्यात एक कळ सरून गेलेली असायची.

येसू कुंभारणीची ही दुसरी खेप. पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं आणि त्या दुःखानं ती अर्धी झाली होती. दिवस डोक्यावर आला, कलला, तरी सुटका होईना. अंगातला जोर संपला. आता डोळे मिटावे आणि पुन्हा उघडूच नयेत, असं तिला वाटायला लागलं, अगदी मनापासून वाटायला लागलं. ठकूआईनं ते ओळखलं.

"येसू, तीन भैणी. मिळून अठरा."

"पाच, सा, सात," येसू पुटपुटली. डोळे परत मिटले.

"आन् मिळून वीस?"

येसूनं मोजलं. पाच, सहा, सात म्हणजे अठरा. सहा, सात, आठ म्हणावं तर एकवीस. मधले वीस काही केल्या सापडेनात. ती पुन्हा मोजू लागली. दारातल्या बायका मोजू लागल्या. तेल्याचा घाणा थांबला, ओढ्यावरचं धुणं थांबलं, सगळं गाव वीस शोधायला बसलं. येसूचं मोजून व्हावं म्हणून सूर्यसुद्धा डोंगराला टेकून थांबला, असं म्हणतात.

शेवटी येसू संतापली. अर्धी उठली आणि ठकूआईचं मनगट धरून म्हणाली, "आये, खोट्या हायत तुझ्या भैणी. वीस व्हतच न्हाई."

त्या रागात जो जोर आला, त्या जोरानं मूल बाहेर आलं. लेक होती. ती सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी रडली.

"न्हाईच व्हत, बाय," नाळ बांधता बांधता ठकूआई म्हणाली. "तिघींची बेरीज कायम मधलीच्या तिप्पट. वीस कंदीच व्हत न्हाई. मला तुला झोपू द्यायचं नव्हतं."

आणि इतक्या बायकांची बाळंतपणं केलेली ती म्हातारी येसूच्या कपाळावर कपाळ टेकून रडली.

ठकूआईला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणास ठाऊक. आता बोरखडीच्या बाया बाळंतपणाला तालुक्याच्या दवाखान्यात जातात. पण गाडीत बसण्याआधी घरातली मोठी बाई जाणारीच्या कानाशी वाकते, ठकूआईचं नाव घेते आणि विसाचं कोडं घालते. त्याला उत्तर नाही, हे बोरखडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी जाणारी बाई हसत नाही. ती मोजायला लागते.