धावेची साक्ष

"धाव निखळली यात माझ्या मेहुण्याचा काय दोष? धावेचं कामच मुळी धावणं! धावली!" रणदुल्लेराजे गरजले.

धुरपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हाळू घरी पाय मोडून पडला होता. चाकावर लोखंडी धाव बसवून दोन दिवस झाले नव्हते, तोवर घाटात ती सुटली अन् एकटीच पुढं पळाली. गाडी उलटली, म्हाळू खाली! धाव होती सरकारी लोहारशाळेतली. तिथले मुख्य गजबराव. लोखंडातलं त्यांना एवढंच कळे, की ते जड असतं. पण राणीसाहेबांचे सख्खे भाऊ ना!

"दाजी, गाडीवानच झोपला असणार," गजबराव मिशी पिळत म्हणाले.

"झोपला असता तर मोडायच्या आधी पाय काढून उशाला ठेवला असता!" धुरपा फणकारली.

राजा हट्टाला पेटला. "बाई, धाव खोटी होती हे खुद्द धावेनं सांगायला हवं! उद्या भरदरबारात ती बोलली नाही, तर तुझे दोन्ही बैल सरकारजमा!"

बैल गेले तर घर बसलंच! पण धुरपा रडणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती धाव गडगडवत दरबारात हजर झाली. कारकुनानं धावेला शपथ घातली, नाव विचारलं, वय विचारलं. धाव गप्प. मग त्यानं दरडावलं. भिंतीला टेकवलेली धाव घसरली अन् त्याच्याच पायावर पडली. कारकून ओरडला, धाव गप्पच.

"आणा बैल!" राजा म्हणाला.

"थांबा महाराज! धाव म्हणजे बाईमाणूस. एवढ्या पुरुषांत तोंड उघडेल होय? लेकीच्या वतीनं बापाला बोलू द्या."

"बाप कोण हिचा?"

"हिला जन्म दिला ते गजबराव!"

राजाला गंमत वाटली. "बोला, बापमाणूस!"

गजबराव फुलले. "माझी लेक अस्सल पोलादी! दाजी, तुमच्या नव्या रथाला हिच्याच सख्ख्या बहिणी बसवल्यात, एकाच भट्टीतल्या!"

"वा! मग बसा त्या रथात," धुरपा म्हणाली, "अन् घोडे चौखूर सोडून घाट उतरून दाखवा. सुखरूप आलात, तर बैल मी स्वतः आणून बांधते!"

रथ दाराशी आला. गजबरावांनी एक पाय पायरीवर ठेवला, चाकाकडं पाहिलं अन् पाय खाली घेतला. कपाळावर घाम डवरला.

"दाजी... आज जरा पोटात गुरगुरतंय."

"ऐकलंत महाराज?" धुरपानं टाळी वाजवली. "लेकीची साक्ष बापाच्या पोटानं दिली! पोटात होतं ते ओठावर आलं!"

राजानं डोळे वटारले. "अरे गजब्या, त्या रथात रोज मी बसतो!" अन् मग असा हसला, असा हसला, की मुकुट घरंगळत थेट कारकुनाच्या दुसऱ्या पायावर!

निकाल फिरला. बैल धुरपाचे धुरपाकडं राहिले. म्हाळूला राजवैद्य मिळाला, दाराशी कोरी गाडी आली. अन् लोहारशाळेतली प्रत्येक धाव धुरपानं पारखल्याशिवाय बाहेर पडायची नाही, असा हुकूम सुटला.

"आणि म्हाळूचा पाय सांधेपर्यंत," राजा डोळे पुसत म्हणाला, "त्याची जुनी गाडी घाटातून गजबराव हाकतील. धाव हीच बसवा, लेक बापाजवळच बरी!"