आरशावरची पट्टी

एकदा एक वस्ताद होते. तालमीतले नव्हेत, मोटारसायकलींचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं गॅरेज होतं. तरुणपणी त्यांनी शर्यती गाजवल्या होत्या, आणि सत्तरी ओलांडल्यावरही गाडी दारात थांबायच्या आत ते तिचं दुखणं सांगत. ही गोष्ट मी व्याख्यानात सांगतो तेव्हा कोणीतरी हमखास विचारतं, की सर, तुमचा आणि मोटारसायकलींचा संबंध काय? काहीही नाही. मी सायकलवरूनसुद्धा दोनदा पडलेला माणूस आहे. पण बोध घ्यायला दर वेळी आश्रमातच जावं लागतं असं थोडंच आहे? काही वेळा तो ऑइलने माखलेल्या हातांतही सापडतो.

या वस्तादांचा एक शिष्य होता, समरजित. दहा वर्षं त्यांच्या हाताखाली तयार झालेला, हाताने चलाख आणि डोक्याने तापट. तापट माणसांविषयी मी थोड्या अधिकाराने बोलू शकतो, म्हणून सांगतो, मनाने तो वाईट नव्हता. रियाज आणि धनपाल हे त्याचे दोन जिवलग मित्र. तिघे एका शाळेत, एका बाकावर वाढलेले. रियाजचं फोटोचं दुकान होतं आणि धनपालची शाहूपुरीत गुळाची पेढी. दर वर्षी थंडीत एका रविवारी हे तिघे पहाटे निघत आणि चार तासांवरच्या एका रेसिंग ट्रॅकवर दिवसभर गाड्या पळवून येत. ती शर्यत नसे. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावून ज्याने त्याने आपली हौस फेडायची, एवढंच. वस्ताद टेम्पोतून हत्यारं, पेट्रोलचे कॅन आणि धनपालच्या घरचा डबा घेऊन येत. धनपाल तिघांत सर्वांत हळू चालवी, आणि डबा मात्र सर्वांत मोठा आणी.

ट्रॅकवर उतरण्यापूर्वी गाडीच्या दिव्यांवर आणि आरशांवर काळी चिकटपट्टी लावतात. दिव्यांवर एवढ्यासाठी, की गाडी पडलीच तर काचा पसरू नयेत. आरशांवर एवढ्यासाठी, की चालवणाऱ्याने मागे बघूच नये. तू पुढे बघ, मागून येणारा तुला सांभाळून पुढे जाईल, असा तिथला नियम. परतीच्या वेळची एक रीत मात्र वस्तादांची स्वतःची होती. दिव्यावरची पट्टी ज्याची त्याने काढायची. आरशावरची आपली आपण काढायची नाही. रस्त्यावर जो तुमच्या मागून येणार, त्याने ती काढायची. रियाज सर्वांत पुढे असे, त्याची पट्टी समरजित काढी. समरजितची धनपाल काढी. धनपाल शेवटचा, म्हणून त्याची पट्टी टेम्पोतून येणारे वस्ताद काढत. मग ते फडक्याला थोडं रॉकेल लावून सगळ्या काचांवरचा चिकटपणा पुसत आणि म्हणत, "हं, आता जावा."

समरजितला हा म्हाताऱ्याचा चाळा वाटे. एकदा त्याने विचारलंही होतं, की वस्ताद, ही काय भानगड? वस्ताद म्हणाले होते, "कळंल." असल्या उत्तरांचा मला फार राग येतो. सांगायचं ते वेळेवर सांगून टाकावं. पण गुरुमंडळींना ही खोड असतेच, आणि या खोडीचा पश्चात्ताप पुढे वस्तादांनाही झाला.

त्या वर्षी समरजितच्या मनात एकच गोष्ट होती: ट्रॅकची पूर्ण फेरी दोन मिनिटांच्या आत मारायची. तीन वर्षं तो या दोन मिनिटांच्या मागे लागला होता. शेवटच्या पाळीच्या शेवटच्या फेरीत सगळं जमून आलं. गाडी मनासारखी वळत होती, हात मोकळे झाले होते. शेवटच्या वळणाला तो आला आणि समोर धनपाल, आपल्या नेहमीच्या संथ चालीने, वळणाच्या ऐन मध्यातून. समरजितला ब्रेक दाबावा लागला. घड्याळात आकडा आला तो दोन मिनिटं आणि वर अर्धा सेकंद.

हेल्मेट हातात घेऊन तो तडक धनपालकडे गेला.

"मागं बघता येत न्हाई व्हय तुला?"

"आरशावर पट्टी होती की रे," धनपाल म्हणाला. "बघणार कुठनं?"

"मग घरी बसायचं. गूळ विकायचा. कशाला येतोस आमच्यात?"

धनपालने हेल्मेटचा पट्टा सोडला. नियमाने चूक त्याची नव्हती, मागच्यानेच सांभाळून जायचं असतं, हे समरजितलाही ठाऊक होतं. पण अर्ध्या सेकंदापायी त्याने डोक्यात राख घालून घेतली होती. दुपारी ज्याच्या डब्यातली भाकरी मोडली त्याला आपण काय बोललो, हे त्याच्या कानांपर्यंत पोचलंच नाही.

उन्हं कलली तशी आवराआवर सुरू झाली. समरजितने रियाजच्या आरशांवरच्या पट्ट्या ओरबाडून काढल्या. धनपाल दर वर्षीसारखा समरजितच्या गाडीपाशी आला, वाकला आणि नखाने पट्टीचं टोक उचकटू लागला.

"हात लावू नकोस माझ्या गाडीला," समरजित म्हणाला.

"अरे, आरसा तरी..."

"मला न्हाई बघायचं मागं."

आणि तो रियाजच्या पाठोपाठ फाटकाबाहेर पडला. त्याचे दोन्ही आरसे काळेच होते. वस्तादांनी धनपालच्या पट्ट्या काढल्या, आणि धनपालही घाईने त्या दोघांमागे निघाला.

तासाभराने दिवेलागणीच्या सुमारास रस्त्यात एका मोरीचं काम लागलं. डांबर संपून अचानक खडी सुरू होत होती. रियाज निघून गेला, समरजित निघून गेला. धनपालची गाडी खडीवर घसरली आणि तो गाडीसकट कडेच्या चरात पडला. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, पण उजवा हात गाडीखाली अडकला. चरातला माणूस जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेना, आणि त्याची हाक ट्रकांच्या आवाजात विरून जाई. आरसा उघडा असता तर मागचा दिवा नाहीसा झालेला समरजितला तत्काळ दिसला असता. मागे वळून यायला त्याला फार तर दोन मिनिटं लागली असती.

पुढे, ठरलेल्या चहाच्या हॉटेलात, रियाजने विचारलं, "धनपाल कुठाय?"

"येईल की, त्याच्या चालीनं," समरजित म्हणाला, आणि त्याने दुसरा चहा सांगितला.

टेम्पोत सामान बांधून निघायला वस्तादांना पाऊण तास उशीर झाला होता. ते मोरीपाशी आले तेव्हा त्यांना उसाच्या फडावर खालून उजेड पडलेला दिसला. चरात आडव्या पडलेल्या गाडीचा दिवा अजून जळत होता.

धनपालचा हात वाचला, परंतु इतका वेळ दबून राहिल्याने त्यातली नस कामातून गेली. अंगठा आणि दोन बोटं मिटेनात. "थोडं आधी सोडवलं असतं तर..." एवढं बोलून डॉक्टर थांबले. मोटारसायकलचा वेग उजव्या मुठीत असतो. ती मूठ ज्याला आवळता येत नाही, त्याने गाडी चालवायची नसते, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

समरजित दवाखान्यात एकदाच गेला. धनपाल औषधाच्या गुंगीत होता. हा दारातून बघून परत फिरला, आणि पुढे रियाजच्या हाती फळं पाठवत राहिला. स्वतः जायचं म्हटलं की त्याचे पाय शाहूपुरीच्या अलीकडेच वळत. तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होता. आपण मित्र कायमचा गमावला, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ते खरं आहे का हे बघायचीही त्याला भीती वाटत होती.

समरजितची गाडी उभी होती गॅरेजातच. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी समरजित आरशांवरच्या पट्ट्या काढायला गेला, तेव्हा वस्तादांनी त्याचं मनगट धरलं.

"ज्यानं काढायची त्यालाच काढू दे."

"वस्ताद, त्याचा हात..."

"म्हायती हाय मला."

तेव्हापासून वस्तादांनी एक विचित्र क्रम धरला. रोज सकाळी गॅरेज उघडलं की ते ती गाडी स्वतः पुसत. टाकी पुसत, चाकांचे आरे पुसत, आरशांची दांडीसुद्धा पुसत. पट्टीला तेवढा हात लावत नसत. गाडी त्यांनी अगदी दर्शनी ठेवली होती. गिऱ्हाईक विचारी, "ही कुणाची?" त्यावर ते टाकीवरून आणखी एकदा फडकं फिरवत, आणि समरजित मान खाली घालून पाना फिरवत राही. थंडी गेली, उन्हाळा गेला, पावसाळाही निम्मा सरला. सात महिने हे चाललं. शेवटी एका सकाळी समरजितने हातातला पाना खाली ठेवला.

"वस्ताद, आणखी किती दिवस शिक्षा देणार मला?"

वस्ताद फडकं खांद्यावर टाकून स्टुलावर बसले.

"शिक्षा तुला न्हाई रे. तू फाटकातनं भाईर पडलास तवा मी टेम्पोला दोरी बांधत हुतो. तुझं दोन्ही आरसं काळं, मला दिसलं हुतं. एक हाक मारली असती तर थांबला असतास. मी म्हटलं, पोरगं तापलंय, धा मैलांवर डोकं थंड झालं की काढंल आपलं आपण. हातातली गाठ सुटंल म्हणून मी हाक मारली न्हाई. ही गाडी रोज पुसतोय ती तुला दाखवायला न्हाई. मला बघायला पायजे म्हणून."

सात महिने समरजित आपण एकटेच अपराधी असल्यासारखा वावरत होता.

"आणि ऐक," वस्ताद म्हणाले. "ट्रॅकवर आरसा झाकतोय आपण, कारण तिथं कोण पडलं तर वळणावर झेंडा हलतोय, धा माणसं पळत येतात. रस्त्यावर झेंडा कोण हलवणार? तिथं मागच्याला पुढच्याच्या आरशाबिगर कोण न्हाई. म्हणून पट्टी मागच्यानं काढायची. काढताना तो सांगत असतोय, बाबा, मी मागं हाय, बघत ऱ्हा. हे तुला मी तवाच सांगाय पायजे हुतं. 'कळंल' म्हणून मोकळा झालो. आता जा शाहूपुरीत. आला तर आला. न्हाई आला तर ऱ्हाऊ दे पट्टी तशीच."

समरजित गेला. धनपाल पेढीवर गिऱ्हाइकाला दाखवायला ढेपेतून गुळाचा खडा काढत होता, डाव्या हाताने. त्याने वर बघितलं, खडा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "सात महिने लागले व्हय शाहूपुरीत यायला? ट्रॅकवर तर दोन मिनिटांत आख्खी फेरी मारतोस."

समरजितने वाटेत पुष्कळ काही जुळवून आणलं होतं. पण तो एवढंच म्हणाला, "पट्टी काढायची राहिलीया."

"ठाऊक हाय. वस्ताद दर महिन्याला येऊन सांगून जातात."

"मग आला का न्हाईस?"

"गाडी तुझी. बोलवायचं कुणी?"

दोघे गॅरेजात आले. पट्टी उन्हाने काचेत भाजून बसली होती. धनपाल डाव्या हाताच्या नखाने ती उचकटू लागला. ती एकसंध निघेना, बोटभर निघे आणि तुटे. समरजितचा हात एकदा नकळत पुढे गेला. वस्तादांनी नुसतं बघितलं, तसा तो मागे आला. दोन आरशांना अर्धा तास लागला. वस्तादांनी रॉकेलचं फडकं दिलं, धनपालने काचा पुसल्या. कडेला थोडा चिकटपणा राहिला, तो काही केल्या निघाला नाही.

"बस गाडीवर," धनपाल म्हणाला.

समरजित बसला. धनपाल चालत चालत मागे गेला, गॅरेजच्या बाहेर, रस्ता ओलांडून पलीकडे, आणि तिथून त्याने विचारलं, "दिसतोय काय मी?"

समरजितने आरशात बघितलं. पांढरा सदरा, खिशात घातलेला उजवा हात, आणि शाळेपासून पाहत आलेला तो चेहरा.

"दिसतोस," तो म्हणाला.

"त्या दिवशी एवढंच बघायचं होतं, मर्दा."

आवाजात राग नव्हता. असता तर समरजितला सोसला असता. तो हँडलवर डोकं टेकून रडला. धनपालने ते लांबूनच पाहिलं. तो जवळ आला नाही, पण रडणं थांबेपर्यंत हललाही नाही. मग पेढी उघडी टाकून आलोय म्हणाला आणि रिक्षाला हात केला. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत समरजित वळून न बघता आरशातच बघत राहिला. पुढे थंडीतल्या रविवारी ते दोघे ट्रॅकवर गेले नाहीत, पेढीवर बसले.

हा दृष्टांत लिहून झाल्यावर मी अकरा वर्षांपूर्वी एका शब्दावरून तोडलेल्या माझ्या मित्राचा नंबर शोधून काढला आणि लावला. तो नंबर आता दुसऱ्याच कोणाचा आहे.